वाकडा क्रँक, सरळ हिशोब

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

गंगाखेडहून बोलतोय. मध्येच मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. ऊस वाहतुकीचे दिवस आहेत आणि माझी खोली रस्त्याला लागून आहे.

आजचा विषय सायकलचा क्रँक. पायडल आणि मधला एक्सल यांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो, तो. गेल्या दोन-तीन महिन्यांत व्हॉट्सॲपवर एकाच जातीचे व्हिडिओ मला इतक्या जणांनी पाठवलेत की शेवटी म्हटलं, एक भागच करू. व्हिडिओत काय असतं? कुणीतरी क्रँक सरळ न ठेवता वाकवलेला असतो. कधी इंग्रजी झेडसारखा, कधी एलसारखा, कधी विळ्यासारखा. मग सायकल चालवून दाखवतात आणि खाली लिहिलेलं असतं, "तीस टक्के कमी ताकद". कुठे चाळीस टक्के. आणि शेवटी ठरलेली ओळ, की मोठ्या कंपन्या हे तुमच्यापर्यंत येऊ देत नाहीत.

पाठवणारे सगळे विचारतात, "तू इंजिनिअर आहेस ना, सांग, हे खरंय का?" मी सॉफ्टवेअरवाला आहे, दिवसभर कोड लिहितो. पण बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं, आणि या प्रश्नाला तेवढंही लागत नाही. याला जातं पुरतं.

जनाबाईच्या गावात बसून जात्याचं उदाहरण देतोय, तर नीट बघा. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते आणि कडेजवळ एक खुंटा ठोकलेला असतो. आता सांगा, यात क्रँक कुठे आहे? दांडा तर दिसतच नाही. खिळा आणि खुंटा यांच्यामध्ये नुसता गोल दगड. तरी जातं फिरतं, आणि किती जोर लागणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: खिळ्यापासून खुंटा किती लांब आहे. मधे दगड गोल आहे की चौकोनी, जाड आहे की पातळ, याचा खुंट्याला ढकलणाऱ्या हाताशी काही संबंध नाही. खुंटा कडेकडे सरकवला तर जोर कमी लागेल, पण हात मोठ्या घेरातून फिरवावा लागेल. खुंटा आत घेतला तर उलटं.

सायकलचा क्रँक म्हणजे हेच. पायडल म्हणजे खुंटा, एक्सल म्हणजे खिळा. दोघांमधलं सरळ अंतर मोजा. मधला लोखंडाचा तुकडा वाकडा असो, त्यावर नक्षी काढलेली असो, तो फक्त दोन टोकं घट्ट धरून ठेवायचं काम करतो. उलट वाकडा केला की तेवढंच अंतर गाठायला जास्त लोखंड लागतं, आणि पाय दाबला की ते कोपऱ्यात पिळलं जातं. म्हणून जाड करावं लागतं. म्हणजे जड.

कुणी म्हणेल, गुऱ्हाळाच्या बैलचरकाची दांडी तर वाकडीच असायची. असायचीच. पण कारण वेगळं होतं. चरकाचं डोकं वर आणि बैलाची मान खाली. दांडी वरून खाली आणायची तर वाकडं लाकूड सोयीचं. जोराचा हिशोब बैल किती मोठ्या घेरातून फिरतो यावरच व्हायचा.

आता थोडे आकडे. घाबरू नका, दुकानातल्या हिशोबापेक्षा सोपे आहेत.

साधा क्रँक १७० मिलिमीटरचा असतो, म्हणजे १७ सेंटिमीटर. पायडल सगळ्यात वर असताना आणि सगळ्यात खाली असताना यातला फरक त्याच्या दुप्पट, ३४ सेंटिमीटर. समजा तुम्ही सरासरी १५ किलोच्या जोराने पायडल खाली दाबता. एका दाबात झालेलं काम म्हणजे जोर गुणिले उंची, साधारण ५१ ज्यूल. दोन पायांचं मिळून एका फेऱ्यात १०२. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक, तर १०२ वॅट. साधा धडधाकट माणूस बराच वेळ आरामात जेवढी ताकद देऊ शकतो, त्याच्याच आसपासचा हा आकडा आहे. आता बघा, या गणितात क्रँकचा आकार कुठेच आला नाही. पायडल ३४ सेंटिमीटर खाली गेलं, विषय संपला. ते सरळ दांड्याला धरून गेलं की जिलेबीला धरून गेलं, पायाला काय कळणार?

मग लोकांना हे पटत का नाही? माझ्या मते यात दोन गफलती आहेत, आणि दोन्ही समजण्यासारख्या आहेत.

पहिली पान्याची. गंजलेला नट सुटत नाही म्हणून आपण पान्याला पाईप लावतो आणि नट सुटतो. मग तीच युक्ती सायकलला का नाही? कारण नट सोडताना पाईपचं टोक जरा जास्त फिरवावं लागलं तर आपल्याला काय फरक पडतो? अर्धा फेरा आणि काम झालं. सायकलमध्ये मात्र सगळं कामच अंतराचं आहे. आपल्या काळ्या मोठ्या सायकलला समजा पुढे चेनव्हीलला ४४ दाते आणि मागे फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळपास अडीच फेरे घेतं आणि सायकल ५.४ मीटर पुढे जाते. तेवढ्यात पाय १.०७ मीटरचा गोल फिरतो. पाच किलोमीटरवर शाळा असेल तर पाय एक किलोमीटर फिरला. पाईप लावल्यासारखा क्रँक लांब केला, समजा २२० मिलिमीटर, तर १५ किलोऐवजी पावणेबारा किलो दाब पुरेल. खरंच पुरेल, यात खोटं काही नाही. पण पाय एक किलोमीटरऐवजी जवळपास तेराशे मीटर फिरेल, आणि गुडघा दर फेऱ्याला दहा सेंटिमीटर जास्त वर येईल. जोर दिसतो, अंतर दिसत नाही. व्हिडिओत तर अजिबातच दिसत नाही.

दुसरी गफलत जास्त रंजक आहे. तिचं नाव डेड सेंटर. पायडल बरोबर वर किंवा बरोबर खाली असतं तेव्हा खाली दाबून काही फिरत नाही. शिलाई मशीन पायाने चालवलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे. चाक त्या जागी अडकलं की नुसतं पायडल दाबून मशीन सुरू होत नाही, चाकाला हाताने हलका झटका द्यावा लागतो, नाहीतर उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. वाकडा क्रँक विकणारा म्हणतो, "बघा, पायडल वर आहे तरी माझा दांडा पुढे झुकलेला आहे, म्हणजे डेड सेंटर गेला." फोटोत तसं दिसतंही. पण एक्सलपासून पायडलपर्यंत दोरी ताणून बघा. दोरी सरळ उभी असेल तर तो डेड सेंटरच. लोखंड कुठे झुकलंय याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

आणि त्याही आधीचा प्रश्न असा की डेड सेंटरला ताकद वाया जाते हे ठरवलं कुणी? तिथे पाय काम करत नाही, हे खरं. पण काम करत नाही म्हणजे गळती आहे असं नाही. चालत्या सायकलला वेग असतो, ती तेवढा घास आपोआप गिळते. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात पिस्टन दर फेऱ्याला दोनदा डेड सेंटरला येतो आणि जड फ्लायव्हील त्याला पुढे नेतं. तिथे कुणी म्हणत नाही की डिझेल सांडलं. मधला तो क्षण स्नायूला विसावाही असतो.

मुळात सायकलच्या यंत्रात वाचवण्यासारखं शिल्लकच फार कमी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात साध्या चेनची कार्यक्षमता मोजली, ती चांगल्या स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत निघाली. म्हणजे पायाने शंभर दिले तर मागच्या चाकाला अठ्ठ्याण्णव पोचतात. उरलेल्या दीड-दोन टक्क्यांतून तीस टक्के कसे काढणार? खरी उधळपट्टी आहे ती आपल्या शरीरात. खाल्लेल्या अन्नातली साधारण पाव ऊर्जाच स्नायू कामाला लावतात, बाकीची उष्णता. ती काही क्रँक वाकवून कमी होत नाही.

ही कल्पना नवीन आहे असंही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पीएमपी नावाच्या इटालियन कंपनीने एलच्या आकाराचे क्रँक विकले होते. दिसायला देखणे. आज ते जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे सापडतात. दहाएक वर्षांपूर्वी अमेरिकेत झेड-टॉर्क नावाने तीच गोष्ट पुन्हा आली, तेव्हाही सायकलवाल्यांनी हेच गणित मांडलं. त्याहून मागे जा, १८८०च्या दशकात अमेरिकन स्टार नावाच्या सायकलला क्रँकच नव्हता, दोन तरफा खालीवर दाबायच्या. २०१० मध्ये हंगेरीतून स्ट्रिंगबाईक आली, चेनऐवजी दोऱ्या आणि तरफा. काम करतात या गोष्टी, सायकल चालते. पण साधा गोल फिरणारा क्रँक आणि चेन यांना त्या हटवू शकल्या नाहीत.

अंडाकृती चेनव्हीलचं प्रकरण मात्र वाकड्या क्रँकच्या पंक्तीला बसवू नका. तिथे निदान भौतिकशास्त्र बदलतं. चेनव्हील गोल नसेल तर फेऱ्यातल्या वेगवेगळ्या जागी गिअर खरोखर वेगळा लागतो. शिमानोने १९८३च्या सुमाराला बायोपेस नावाने अशी चेनव्हीलं आणली. मोठा गाजावाजा झाला आणि काही वर्षांत ती बाजारातून गेली. नंतर ऑसिमेट्रिक नावाच्या कंपनीने पुन्हा अंडाकृती आणली आणि ब्रॅडली विगिन्सने २०१२ची टूर द फ्रान्स त्यावर जिंकली. पुढच्या वर्षी ख्रिस फ्रूमने. झालं, सगळे म्हणाले सिद्ध झालं! पण विगिन्स स्वतः नंतर गोल चेनव्हीलवर परतला. आणि गंमत ही की बायोपेसचा लांब व्यास जिथे होता तिथे ऑसिमेट्रिकचा आखूड. दोघांची दिशा जवळपास उलटी, आणि दोघांचा दावा एकच, की पायडल मारणं सुधारतं. दोन वैद्य एकाच रोगावर उलटसुलट पथ्य सांगतात तेव्हा माझा हात आधी खिशाकडे जातो.

क्रँकच्या लांबीवर तर सरळ प्रयोगच झालाय. २००१ मध्ये मार्टिन आणि स्पिर्डुसो या दोन अमेरिकी संशोधकांनी १६ सराईत सायकलपटूंना १२० ते २२० मिलिमीटरच्या पाच वेगवेगळ्या लांबीच्या क्रँकवर पूर्ण जोर लावायला सांगितला. १२० आणि २२० म्हणजे जवळपास दुप्पट फरक! तरी सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट लांबीत कमाल ताकदीचा फरक निघाला साधारण चार टक्के. सगळ्यात जास्त ताकद निघाली १४५ आणि १७० ला. म्हणजे आपल्या दुकानात मिळतो तोच. अलीकडे मोठे खेळाडू तर उलट आखूड क्रँककडे चाललेत. पोगाचार २०२४ मध्ये १६५ वर आला. वाऱ्यात वाकून बसताना मांडी पोटाला कमी भिडते, कमरेला मोकळं वाटतं, असं त्यामागचं कारण सांगतात. तरफेचा जोर वाढवायचा म्हणून कुणी आखूड क्रँक घेणार नाही, हे उघड आहे.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय? व्हिडिओ बघून हसून सोडता आलं असतं. पण दिवाळीत एक प्रकरण समोर आलं.

मोंढ्याच्या बाजूला वेल्डिंगचं दुकान असलेले एक दादा आहेत, ओळखीतले. नाव सांगत नाही. हात सोन्याचा आहे माणसाचा. त्यांची पुतणी नववीत, पाचेक किलोमीटरवरून शाळेला सायकलने येते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशीच सायकल. राणीसावरगावकडच्या बाजूला आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगराला टेकतो, तिकडे चढ आहेत. पोरगी चढावर उतरून सायकल ढकलायची. दादांनी तसलाच एक व्हिडिओ पाहिला आणि फ्लॅट पट्टी वाकवून झेडसारखे दोन क्रँक केले. आधी स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलला बसवले. "लई हलकी झाली," म्हणे. त्यांनीही व्हिडिओ टाकला, तो फिरला. मग एका शहरातून कुणा सल्लागाराचा फोन आला. तुमच्या शोधाचं पेटंट करून देतो, चाळीस हजार. पाच हजार देऊन झाले होते. बाकीचे पस्तीस सोयाबीनची पट्टी आली की द्यायचे ठरलेले.

दादा मला म्हणाले, "तू बघून सांग. पण चालत नाही म्हणू नकोस, मी रोज चालवतोय."

हे वाक्य महत्त्वाचं आहे. समोरचा माणूस रोज चालवतोय आणि त्याला हलकं लागतंय. त्याला कागदावर गणित दाखवून काय होणार? म्हणून आम्ही मोजलं.

तुम्हीही करू शकता, ऐका. सायकल स्टँडवर उभी करायची, मागचं चाक अधांतरी. एकाने हँडल धरून ठेवायचं. पाण्याचा कॅन बरोबर दहा किलो भरेल इतका भरायचा आणि पायडलला टांगायचा, पायडल एक्सलच्या बरोबर समोर, आडव्या रेषेत असताना. मागच्या टायरला मागच्या अंगाने दोरी बांधायची, दोरीला स्प्रिंगचा काटा आणि काटा खाली जमिनीतल्या खुंटीला अडकवायचा. पाण्याचं वजन चाक फिरवू बघतं, काटा ते अडवतो. काट्यावर जो आकडा येतो तो सायकलला पुढे ढकलणारा जोर. गणिताने सरळ १७० च्या क्रँकला दोन किलोच्या जरा आत यायला हवा. तसाच आला.

मग दादांचा झेड क्रँक. काटा सव्वादोनच्या जवळ.

दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला. जिंकलेल्या माणसाचा चहा.

मी टेप मागितला. एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत, सरळ. १९२ मिलिमीटर. वाकवताना तो २२ मिलिमीटर लांब झाला होता. १९२ टाकून गणित केलं की २.२४ किलो येतं, काट्याने दाखवलं तेच. पण हेही मी म्हणतोय म्हणून कुणी का मानावं? दादांनाच म्हटलं, एक साधी सरळ पट्टी कापा, भोकं १९२ वर पाडा. अर्ध्या तासात झालं. लावली. काटा परत सव्वादोनच्या जवळ.

"म्हणजे वाकवलं ते फुकट गेलं?"

"वाकवलं ते फुकट, दादा. लांब झालं ते खरं."

पुढची परीक्षा मग त्यांनीच सुचवली, मला सुचली नव्हती. जुना १७० चा क्रँक परत लावला आणि मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० चं टाकलं. गणिताने २.२१. काट्यावर फरक ओळखू येईना. झेडने जे मिळालं होतं, ते काही शे रुपयांच्या फ्रीव्हीलने मिळालं, आणि गुडघा जास्त वर नेण्याची गरज नाही, वळणावर पायडल जमिनीला घासण्याची भीती नाही. लांब क्रँकने बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागत होतं, ते दादांनी तेव्हा कबूल केलं. आधी बोलले नव्हते.

उरलेला प्रश्न असा की तीस टक्के हलकं लागलं कसं, लांबीने तर तेराच टक्के येतात. विचारलं, क्रँक बसवताना आणखी काय काय केलं? तर एक्सल काढलाच होता म्हणून छर्रे नवीन टाकले, ग्रीस भरलं, कॉटर पिना बदलल्या, चेन धुऊन तेल दिलं, टायरात हवा मारली. म्हणजे अख्खं ओव्हरहॉलिंग झालं आणि श्रेय मिळालं वाकड्या पट्टीला! व्हिडिओतल्या बऱ्याच चमत्कारांचं हेच असणार, असा माझा अंदाज आहे. जुनी खडखडणारी सायकल आणि नव्या भागाची तेल दिलेली सायकल, यांची तुलना होते.

हवेचा तर वेगळाच हिशोब आहे. मघाच्या आकड्यांत १५ किलोच्या दाबाने सायकल पुढे ढकलणारा सरासरी जोर दोन किलोच्या आतच होता. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. बऱ्या रस्त्यावर टायरात हवा टाईट असेल तर चाकं फिरवायला त्याच्या एक टक्का, म्हणजे ८५० ग्रॅम जोर खर्च होतो असं ढोबळ धरू. हवा कमी आणि रस्ता खडीचा असेल तर हा खर्च सहज दुप्पट. गेला सगळा जोर तिथेच. आमच्याकडे निम्म्या सायकली अर्ध्या हवेवर चालतात, आणि आम्ही क्रँक वाकवतोय.

आता पेटंटचं. सल्लागाराने सांगितलेलं बरंचसं खोटं नव्हतं, अर्धं होतं. अर्ज कुणीही करू शकतो. एकट्या माणसासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, मग तपासणीच्या विनंतीचे ४,०००. मसुदा लिहायला जाणकार लागतो, त्याचे पैसे वेगळे, ते वाजवी असू शकतात. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं तिसरं कलम काय म्हणतं? निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोधच धरला जात नाही. म्हणजे "ताकद न लावता जास्त काम" असं लिहून दिलं तर तिथेच अडणार. "या आकाराचा क्रँक" एवढंच लिहून दिलं तर नवेपणा शोधतील, आणि इटलीवाले चाळीस वर्षांपूर्वीच येऊन गेलेत. तिसरी वाट डिझाईन नोंदणीची, २००० च्या वेगळ्या कायद्याखाली. ती फक्त दिसण्याला मिळते. वस्तू काम करते की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. पण सर्टिफिकेटवर सरकारी शिक्का असतो, ते फ्रेम करून भिंतीला लावता येतं, आणि खेड्यातल्या माणसाला शोध मंजूर झाला असं वाटतं. सल्लागाराचा कागद मी वाचला. त्यात पेटंट हा शब्द मोठ्या अक्षरात होता आणि कामाच्या यादीत डिझाईन नोंदणी लिहिलेली होती.

दादांनी पस्तीस हजार दिले नाहीत. पाच गेले ते गेले.

मला राग व्हिडिओवाल्यांचा कमी आणि या मधल्या लोकांचा जास्त येतो. हाताने काम करणारा माणूस चुकीची कल्पनाही मन लावून करतो, त्यातून काहीतरी शिकतो. त्याच्या या उमेदीवर दर लावणं वाईट.

आणि कुणी म्हणू नये की मी गावठी शोधांची टर उडवतोय. आपल्याच राज्यात जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक, फोर्क आणि हँडल घेऊन त्याला कोळपं जोडलं, कृषिराजा नावाने ते ओळखलं जातं. सायकल कोळपं आज आपल्याकडे कुठल्याही आठवडी बाजारात लोखंडवाल्याकडे दिसेल. बैलजोडी परवडत नाही त्याच्या कामाचं आहे, कारण त्यात फुकट ताकदीचा दावाच नाही. ढकलायचं तुम्हालाच आहे, फक्त वाकायचं नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारली, २००२ मध्ये त्यावर लिहिलंही. त्यांनी काय केलं? गिअर घातले, ब्रेक सुधारले, वाऱ्याचा अडथळा कमी केला. क्रँकला हात लावायची गरज पडली नाही. ताकद कुठे जाते ते आधी बघितलं.

पुतणीच्या सायकलचं विचाराल म्हणून सांगतो. तिला मागे २० दात्यांचं फ्रीव्हील टाकलं, चेनला एक कडी वाढवली. सीट चार बोटं वर घेतली, कारण ती फार खाली होती आणि गुडघा पूर्ण उलगडतच नव्हता. घरच्यांना भीती, पोरीचे पाय टेकले पाहिजेत. हा वाद अजून चालू आहे, आजी सीट खाली करते, दादा वर करतात. पहिला चढ ती आता बसून चढते. दुसऱ्याला अजून उतरते. सपाट रस्त्यावर पायडल जरा जास्त मारावं लागतं अशी तिची तक्रार आहे, आणि तक्रार बरोबर आहे, ते फुकट कसं मिळेल?

तुमच्याकडे असा कुठला क्रँक असेल तर मला व्हिडिओ पाठवू नका. दोन आकडे पाठवा: एक्सलपासून पायडलपर्यंतचं सरळ अंतर, आणि दहा किलोला काट्यावर आलेला जोर. सोबत चेनव्हीलचे आणि फ्रीव्हीलचे दाते मोजून लिहा, चाकाचा साईज लिहा. गणितापेक्षा काटा खरंच जास्त दाखवत असेल तर मी स्वतः भाड्याने तुमच्या गावाला येईन. स्प्रिंगचा काटा घरात नसेल तर भंगारवाल्याकडे विचारा, त्याच्याकडे असतोच. फक्त आधी एक किलोची साखरेची पिशवी लावून तो बरोबर दाखवतो का ते बघून घ्या.